हीट पंप आणि लाइट बिलातून हप्ता : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती विजेच्या वापराबद्दल सल्ला देताना हे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. सुदामा नगरातले निवृत्त काका-काकू विचारतात, रामबागेतली एकत्र कुटुंबं विचारतात, भंवरकुआँला मुलांची होस्टेलं चालवणारे विचारतात. याच घरांची अमेरिका-इंग्लंडात स्थायिक झालेली मुलंही विचारतात, कारण तिकडे हीट पंपाचा हप्ता विजेच्या बिलातून कापला जातो असं त्यांनी ऐकलेलं असतं. सगळ्यांना एकाच ठिकाणी उत्तरं मिळावीत म्हणून ही जुळणी. जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथे तुमच्या बिलातला आकडा घालून गणित पुन्हा करा.

1. हीट पंप म्हणजे गीझरच ना? मग एवढा महाग का?

पाणी दोन्ही तापवतात, पण पद्धत वेगळी. गीझरमध्ये वीज थेट कॉइल तापवते, म्हणून एक युनिट विजेतून फार तर एक युनिट उष्णता मिळते. हीट पंपात कॉम्प्रेसर असतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. फ्रिजच्या मागची जाळी हाताला गरम लागते, तीच क्रिया इथे मुद्दाम कामाला लावलेली असते. आपल्याकडच्या हवेत एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात उतरते.

पैसे लागतात ते कॉम्प्रेसर, गॅसचं सर्किट आणि जाड इन्सुलेशनची टाकी यांचे. आणखी एक फरक लक्षात ठेवा : 200 लिटर पाणी तापायला दोन ते चार तास लागतात. बटण दाबलं आणि दहा मिनिटांत बादली भरली, असं इथे होत नाही.

2. ‘बिलातून परतफेड’ म्हणजे नक्की काय? मुलगी म्हणते अमेरिकेत कर्ज न घेताच हीट पंप बसतो.

मुलगी बरोबर सांगतेय, फक्त तिकडे दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली पद्धत साध्या कर्जाची. पैसे वीज कंपनी किंवा तिच्यामागची वित्तसंस्था देते आणि हप्ता विजेच्या बिलात एक वेगळी ओळ म्हणून येतो. कर्ज माणसाच्या नावावर असतं, बिल हा फक्त वसुलीचा रस्ता. न्यूयॉर्क राज्याने 2011 च्या कायद्याने अशी सोय केली.

दुसरी पद्धत ‘पे ॲज यू सेव्ह’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात कर्ज कुणाच्याच नावावर नसतं. वीज कंपनी स्वतः पैसे घालून यंत्र बसवते आणि त्या मीटरवर एक ठरावीक आकार लावते. त्या घरात जो राहील आणि बिल भरेल, तो आकारही भरेल. यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की, वर्षाचा आकार अंदाजित बचतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. म्हणजे हप्ता भरूनही बिल आधीपेक्षा कमी यायला हवं. कॅन्ससमधल्या मिडवेस्ट एनर्जीने 2007 पासून आणि अर्कान्सॉमधल्या वॉशिटा इलेक्ट्रिक सहकारी संस्थेने 2016 पासून हा मार्ग चालवला. ग्राहकाची पत तपासत नाहीत, म्हणून कमी उत्पन्नाच्या आणि भाड्याने राहणाऱ्या घरांनाही तो खुला असतो.

हा 80 टक्क्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. पुढची बहुतेक उत्तरं त्याच्याच आधाराने दिली आहेत.

3. मग इंदुरात ही सोय आहे का?

हीट पंपासाठी नाही. पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचं बिल काढून बघा : ऊर्जा प्रभार, नियत प्रभार, इंधन अधिभार, विद्युत शुल्क, आणि मागची थकबाकी असेल तर ती. यंत्राच्या हप्त्याची ओळ त्यात नाही.

कल्पना मात्र आपल्या देशाला नवी नाही. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत काही राज्यांत एलईडी बल्ब दहा रुपये आगाऊ घेऊन दिले जायचे आणि उरलेले पैसे लाइट बिलातून हप्त्याने वसूल व्हायचे. पीएम सूर्य घर योजनेतही असा एक मार्ग ठेवलेला आहे की, छतावरच्या पॅनलचा खर्च दुसरी संस्था करते आणि घरमालक वापरलेल्या विजेचे पैसे देत जातो. पण तो पॅनलसाठी आहे, पाणी तापवण्याच्या यंत्रासाठी नाही.

4. बिलातून नाही, तर पैसे उभे कसे करायचे?

रोख असतील तर रोखच द्या, आणि रोखीची सूट आधी मागा. एरवी तीन रस्ते उरतात : बँकेचं वैयक्तिक कर्ज, चालू गृहकर्जावर टॉप-अप, किंवा दुकानातूनच मिळणारा ईएमआय.

गृहकर्ज चालू असेल तर टॉप-अपचा व्याजदर बहुधा वैयक्तिक कर्जापेक्षा कमी पडतो. पण त्याची मुदत पंधरा वर्षं करून घेऊ नका. यंत्र जुनं होऊन जाईल आणि व्याज चालूच राहील.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हटलं की दोन प्रश्न विचारा : प्रोसेसिंग फी किती, आणि रोख दिले तर किंमत किती? दोन्ही किमतींतला फरक म्हणजेच तुमचं व्याज. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचं विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. सगळे आकार धरून वार्षिक खर्चाचा खरा टक्का त्यात छापलेला असतो. ते हातात पडेपर्यंत सही करू नका.

5. बचतीतून हप्ता सुटेल का? खरं सांगा.

एका साध्या घरासाठी सुटत नाही. पाच माणसांचं घर घेऊ.

थंडीत रोज 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापवायचं आहे. त्याला 5.8 युनिट उष्णता लागते. टाकी निवते तो तोटा धरून गीझर साधारण 6.5 युनिट खातो आणि हीट पंप 2.2 च्या आसपास. म्हणजे रोज 4.3 युनिट वाचले. समजा सगळे अधिभार धरून तुम्हाला वरचं युनिट 7.50 रुपयांना पडतं, तर रोजचे 32 रुपये आणि महिन्याचे साडेनऊशे-पावणेदहाशे.

इथपर्यंतचा हिशेब विक्रेताही सांगतो, आणि मग त्याला बाराने गुणतो. ते चूक आहे. इंदुरात खरी थंडी चार महिने. पावसाळा आणि आगेमागे पाच महिने निम्म्यावर काम भागतं. एप्रिल ते जून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तसंच इतकं तापलेलं असतं की सकाळी दहानंतर नळाखाली हात धरवत नाही. या हिशेबाने वर्षाला साधारण 840 युनिट वाचतात, म्हणजे 6,300 रुपये.

आता हप्ता बघा. समजा यंत्र बसवून 1,10,000 रुपयांना पडलं आणि 11 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं. महिन्याचा हप्ता 2,392 रुपये, वर्षाचे 28,700. ऐन जानेवारीतही हप्ता बचतीच्या अडीचपट. 80 टक्क्यांच्या नियमात हे कुठेच बसत नाही. कॅन्ससच्या कंपनीसमोर हा अर्ज ठेवला असता, तर उरलेली रक्कम आधी स्वतः भरा, असं तिने सांगितलं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : चालू गीझर काढून, फक्त बिल वाचेल या आशेने, कर्जावर हीट पंप घेऊ नका. गणित जवळ येतं ते दोन-तीन गीझर एकदम बदलायला आले असतील, घरात आठ-दहा माणसं असतील आणि बाराही महिने गरम पाणी लागत असेल तेव्हा. जुने गीझर बदलायचेच असतील तर नव्या गीझरांची किंमत हीट पंपाच्या किमतीतून वजा करून मग हिशेब मांडा. होस्टेलसाठी प्रश्न 12 बघा.

6. आम्ही दोघंच आहोत. पण थंडीत बिल एकदम दुप्पट-तिप्पट होतं. असं का?

युनिट थोडेच वाढतात, पण तुम्ही 150 ची रेषा ओलांडता. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटांपर्यंत असेल तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच लागतात. वापर त्याच्या वर गेला की त्या महिन्याची सवलत संपूर्ण जाते. मोजणी दिवसाला सरासरी 5 युनिट अशी होते, त्यामुळे वाचन किती दिवसांचं आहे हेही बिलावर बघा.

दोन माणसांच्या घरात ऑक्टोबरला 110 युनिट आणि जानेवारीत 175 असं सर्रास दिसतं. मधले 65 युनिट गीझरचे. त्यातले 30 वाचवले तरी तुम्ही रेषेच्या आत येता, आणि हे युनिट इतर कुठल्याही युनिटपेक्षा जास्त पैसे वाचवतात. पण त्यासाठी हीट पंप कशाला? गीझरचा थर्मोस्टॅट 60 वरून 45-50 वर आणा, दोघांच्या आंघोळी लागोपाठ उरका, मधल्या वेळात स्विच बंद ठेवा. महिन्याच्या मध्यावर मीटर स्वतः वाचा किंवा वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर बघा, म्हणजे रेषा किती लांब आहे ते कळतं.

7. सोलर वॉटर हीटर घ्यावा की हीट पंप?

स्वतःची गच्ची असेल, तिच्यावर ऊन पडत असेल आणि वरच्या टाकीत पाणी नियमित चढत असेल, तर सोलर वॉटर हीटर. किंमत बरीच कमी आणि चालवायचा खर्च जवळपास शून्य. माळव्यात थंडीतही आभाळ मोकळं असतं. ढगाळ दिवसांसाठी जुना गीझर राहू द्या.

फ्लॅट असेल, गच्ची सोसायटीची असेल किंवा शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर पडत असेल, तर हीट पंपाचा विचार करायला हरकत नाही. त्याला ऊन लागत नाही, खेळती हवा लागते.

8. छतावर पीएम सूर्य घरचं पॅनल बसवलंय. आता हीट पंप फुकटात चालेल ना?

चालेल. पण मग त्याच्यामुळे होणारी बचतही घटते, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पॅनलने बिल जवळजवळ शून्यावर आणलं असेल, तर हीट पंपाने वाचवलेलं युनिट आता 7.50 रुपयांचं राहत नाही. एकच युनिट पॅनलच्या खात्यातही आणि हीट पंपाच्या खात्यातही जमा धरू नका.

दोन्ही करायचं असेल तर आधी पॅनल. त्यावर 3 किलोवॉटला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे आणि बँका त्यासाठी तारणाशिवाय, वैयक्तिक कर्जापेक्षा बऱ्याच कमी व्याजाने कर्ज देतात. हीट पंपाला यातलं काही नाही. पॅनल लहान पडत असेल आणि वाढवायला गच्चीवर जागा नसेल, तिथे मात्र हीट पंप उपयोगी पडतो.

9. दिवसा चालवला तर स्वस्त पडतो असं ऐकलंय. खरं आहे का?

दोन कारणांनी खरं आहे. जानेवारीत इंदूरची पहाट सरासरी 10 अंशांची आणि दुपार 26 ची. हवा जितकी गरम, तितकी हीट पंपाला कमी वीज पुरते. म्हणून टायमर दुपारी बारा ते तीनचा लावा. टाकी चांगली असेल तर पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत वापरण्याजोगं राहतं.

दुसरं कारण दराचं. केंद्राच्या 2023 च्या नियमांत स्मार्ट मीटरच्या ग्राहकांसाठी सूर्यप्रकाशाच्या तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा असं म्हटलं आहे. तुमच्याकडे स्मार्ट मीटर लागला असेल तर दिवसाच्या वापराची सूट बिलात वेगळी दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर वीज कंपनीच्या 1912 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

10. इथल्या पाण्याला आणि गल्लीला झेपेल का?

नर्मदेच्या पाण्यावर अडचण कमी. बोअरिंगचं पाणी असेल तर टाकीत आणि कॉइलवर खार बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि बचत गुपचूप गळत जाते. बोअरिंगच असेल तर सॉफ्टनरचा खर्च आधीच हिशेबात धरा, आणि टाकीतला अ‍ॅनोड रॉड दरवर्षी उघडून बघायला सांगा. गंज टाकीला न लागता त्या रॉडला लागावा यासाठी तो असतो. तो संपला की टाकी गळायला लागते.

गल्लीचं म्हणाल तर यंत्राला पंखा आहे आणि त्याचा आवाज होतो. जुन्या वाड्यांच्या भागात दोन घरांमध्ये चार फुटांचं अंतर असतं. शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीसमोर ते लावू नका. बंद डक्टमध्येही नको. तिथली हवा थंड होत जाते आणि यंत्र स्वतःच गारठवलेली हवा पुन्हा ओढत बसतं.

खोली तापवायला वेगळा हीट पंप लागत नाही. एसी बदलायचाच असेल तर हॉट अँड कोल्ड प्रकारचा घ्या. तोही हीट पंपच आहे.

11. आमच्याकडे गॅस गीझर आहे. लाइट बिल तर वाढेल की!

वाढेल, आणि सिलिंडर वाचेल. 14.2 किलोचा एक सिलिंडर जेवढं पाणी तापवतो, तेवढं हीट पंप साधारण 50 युनिटांत तापवतो, म्हणजे समजा 375 रुपयांत. तुमच्याकडे सिलिंडर कितीला येतो ते त्याच्याशेजारी लिहा, फरक समोर दिसेल. त्यानंतर प्रश्न 6 मधली 150 ची रेषा जरूर तपासा. गॅस वाचवताना ती ओलांडली तर फायदा उलटा फिरतो.

अमेरिकेतही हाच पेच आहे. तिथे हीट पंप बहुधा घर तापवणाऱ्या गॅस किंवा तेलाच्या भट्टीची जागा घेतो. हप्ता विजेच्या बिलात येतो आणि बचत गॅसच्या बिलात होते. दोन्ही बिलं शेजारी ठेवल्याशिवाय खरा हिशेब कळत नाही.

12. भंवरकुआँला तीस मुलांचं होस्टेल आहे. तिथे तरी जुळतं का?

तिथे बोलण्यासारखं आहे. तीस मुलं, प्रत्येकी 40 लिटर, म्हणजे रोज 1,200 लिटर. प्रश्न 5 च्याच हिशेबाने थंडीत रोज 26 युनिट वाचतात. बिल गैरघरेलू (बिगरघरगुती) दराने येत असेल आणि युनिट समजा 9 रुपयांना पडत असेल, तर दिवसाचे 230 रुपये. वर्षाचे 45,000 पर्यंत जातात, पण सुट्ट्यांत मुलं गावी जातात ते दिवस वजा करा. कर्जाची मुदत पाचऐवजी सात वर्षं घेतली तर हप्ता बचतीच्या जवळ येऊ शकतो. कोटेशन घेताना टाकीचे लिटर वेगळे आणि तासाला किती लिटर तापतं ते वेगळं लिहून घ्या. सकाळी सात ते आठ सगळी मुलं एकदम आंघोळीला येतात.

13. घर विकलं किंवा भाडेकरू बदलला तर हप्ता कोण भरणार?

मीटरला जोडलेल्या पद्धतीत (प्रश्न 2) नवा राहणारा भरतो, म्हणून तिथे विक्रीच्या वेळी ही गोष्ट लेखी सांगावी लागते. इंदुरात तुम्ही घेतलेलं कर्ज तुमचं वैयक्तिक, घर विकल्यावरही तुमचंच. यंत्र भिंतीला आणि नळांना जोडलेलं आहे, त्यामुळे ते सौद्यात जातं की तुम्ही नेणार, हे इसारापूर्वी कागदावर आणा.

घर विकत घेणाऱ्यांनी विजेची थकबाकी मात्र जरूर तपासावी. के. सी. निनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितलं आहे की, नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजथकबाकी नव्या मालकाकडून मागता येते. विकणाऱ्याकडून आयव्हीआरएस क्रमांक (बिलावरचा ग्राहक क्रमांक) घ्या आणि ऊर्जसवर शिल्लक बघा.

14. हप्ता थकला तर वीज कापतात का?

बँकेच्या हप्त्यासाठी नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार विजेच्या पुरवठ्याशी संबंधित रक्कम थकली तरच, तीही 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन, पुरवठा तोडता येतो. बँक थकबाकीची नोंद तुमच्या पतअहवालात करेल आणि वसुलीला लागेल, पण तुमच्या मीटरला ती हात लावू शकत नाही.

बिलातून परतफेडीची ही दुसरी बाजू आहे आणि ती मुलांनाही सांगा. ब्रिटनच्या ग्रीन डील योजनेत हप्त्याची थकबाकी विजेच्या थकबाकीसारखीच धरली जायची. ती योजना जानेवारी 2013 मध्ये सुरू झाली आणि जुलै 2015 मध्ये सरकारने तिचा निधी थांबवला. हप्ता बचतीपेक्षा जास्त नसावा हा नियम तिथेही होता, पण व्याज चढं होतं आणि लोक फारसे आलेच नाहीत.

15. एक माणूस येऊन म्हणाला, सरकारी योजना आहे, हप्ता लाइट बिलातून कटेल, फक्त 5,000 भरा आणि आयव्हीआरएस नंबर द्या.

देऊ नका. प्रश्न 3 बघा, अशी ओळ बिलात नाहीच. ओटीपी मागितला किंवा मोबाइलवर कुठलं ॲप टाकायला सांगितलं तर बोलणं तिथेच थांबवा आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

16. मुलाला अमेरिकेत घ्यायचाय. त्याने काय विचारावं?

हप्ता मीटरला जोडलेला आहे की त्याच्या नावावर, हा पहिला प्रश्न. बचतीचा अंदाज कुणी काढला आणि तो चुकला तर काय, हा दुसरा. हीट पंपावरची 30 टक्के, जास्तीत जास्त 2,000 डॉलरची केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 पर्यंत बसवलेल्या यंत्रांपुरतीच होती. नंतर बसवणाऱ्याने ती हिशेबात धरू नये. कुणी धरून दाखवत असेल तर कोटेशन जुनं आहे.

17. कर्ज चालू असताना यंत्रच बंद पडलं तर?

‘पे ॲज यू सेव्ह’ पद्धतीत यंत्र बंद पडलं आणि दुरुस्त झालं नाही, तर आकार थांबतो, कारण बचतच होत नाही. आपल्याकडे बँकेचा हप्ता यंत्र चालो न चालो, ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. म्हणून वॉरंटी कर्जाच्या मुदतीइतकी तरी असावी. कॉम्प्रेसर, टाकी आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड यांची मुदत वॉरंटीच्या कागदावर वेगवेगळी छापलेली असते. मोठ्या अक्षरातली ‘पाच वर्षं’ बहुधा टाकीची असतात आणि इलेक्ट्रॉनिक कार्डाचं एकच वर्ष. इंदुरात सर्व्हिसवाला आहे की माणूस भोपाळहून येणार, त्याच्या येण्याजाण्याचे पैसे कोण देणार आणि किती दिवसांत येणार, हे तिन्ही बिलाच्या मागे दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घ्या. आणि जुना गीझर भंगारात देऊ नका, जोडणीसकट जागेवर राहू द्या.